हवेतल्या ओलाव्याची वीज

श्रावण लागला की आमच्या पारशिवनीत घरोघरी मिठाला पाणी सुटते, पापड मऊ पडतात, काडेपेटीची काडी पेटत नाही. या ओलाव्याला आम्ही नावे ठेवतो. पण वाचक बंधुभगिनींनो, याच ओलाव्यातून वीज काढण्याचे प्रयोग आज चालू आहेत.

ती निघते कशी? पॉलिमर म्हणजे लांबलचक साखळ्यांचे पदार्थ. प्लास्टिक, रबर, कापूस ही सारी त्याच कुळातली. काही पॉलिमर मिठासारखेच हवेतले पाणी ओढून घेतात. पाणी आत शिरले की त्यांना धरून असलेले विजेचे भारित कण सुटे होऊन सरकतात. धन आणि ऋण वेगळे झाले की दोन बाजूंत विजेचा दाब तयार होतो. 2021 साली चीनमधील संशोधकांनी दोन थरांचा असा पापुद्रा केला. हवेत आर्द्रता 25 टक्के असताना एका तुकड्याने 0.95 व्होल्ट दिले, तर 85 टक्के असताना 1.38 व्होल्ट.

मग आपले विजेचे बिल बंद होणार का? नाही. नुसता दाब पुरत नाही, प्रवाहही लागतो. टाकी उंचावर, पण नळाला सुईएवढे भोक, तर घागर भरणार कधी? 2020 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जिवाणूंच्या प्रथिनतंतूंचा पापुद्रा केला गेला. प्रथिनेही पॉलिमरच. त्याने 0.5 व्होल्ट आणि दर चौरस सेंटिमीटरला 17 मायक्रोअँपिअर दिले. या हिशेबाने 9 वॉटचा एक बल्ब लावायला हजार चौरस फुटांहून मोठा पापुद्रा लागेल. आपल्यापैकी कितीजणांचे घर एवढे आहे?

1943 साली व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी वीज स्वस्त आणि मुबलक हवी, असा आग्रह धरला होता. तीच कसोटी येथे लावावी. आपल्या पेंच नदीवर तोतलाडोहला 160 मेगावॉटचे जलविद्युत केंद्र आहे. त्यापुढे ओलाव्याची वीज अजून रांगते आहे.

म्हणून उद्या कोणी दारात येऊन ‘हवेवर चालणारे यंत्र घ्या, बिल शून्य’ म्हणाला, तर मजुरीचे पैसे काढण्याआधी एवढेच विचारा : वॉट किती? आणि हा हिशेब घरातल्या शाळकरी मुलामुलींकडून करून घ्या. त्यांना तो येतो.