प्रशासक-राज आणि परगावचा मराठी माणूस

होसकोटे हे बंगळूर ग्रामीण जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. बंगळूरहून कोलारकडे जाणाऱ्या महामार्गावर, दक्षिण पिनाकिनी नदीच्या खोऱ्यात ते वसले आहे. १६३८ नंतर बंगळूरबरोबर हा मुलूखही शहाजीराजांच्या जहागिरीत आला, एवढी एक ओळ सांगून मराठी माणूस येथे आपले नाते जोडतो. आज या तालुक्यात व्होल्व्होच्या ट्रकचा कारखाना आहे, मैलोगणती गोदामे आहेत आणि चेन्नईला जाणारा नवा द्रुतगती महामार्गही येथूनच सुरू होतो. व्हाइटफील्ड ते होसकोटे या पट्ट्यात नोकरीनिमित्त स्थायिक झालेली मराठी कुटुंबे बरीच आहेत. माझे स्वतःचे वास्तव्यही सध्या याच भागात आहे.

१५ जानेवारी २०२६ रोजी महाराष्ट्रातील २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले. त्यानंतर कित्येक दिवस येथील मराठी मंडळींत दुसरा विषय नव्हता. मुंबईत कोणाचा महापौर, पुण्यात कोणी कोणाला पाडले, याची प्रभागवार माहिती लोकांना मुखोद्गत होती. पण आपण ज्या तालुक्यात राहतो त्या तालुक्याच्या पंचायतीची निवडणूक शेवटची केव्हा झाली, हे त्यांपैकी एकालाही सांगता आले नाही. ती झाली २०१६ मध्ये. मुदत संपली २०२१ मध्ये. आणि २०२५ साल सरेपर्यंत कर्नाटकात एकाही तालुका किंवा जिल्हा पंचायतीची निवडणूक झाली नव्हती.

होसकोटेच्या शेजारच्या महानगराची कथा याहून वेगळी नाही. बृहत् बंगळूर महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत १० सप्टेंबर २०२० रोजी संपली. त्यानंतर प्रथम प्रभागांची संख्या १९८ वरून २४३ झाली, मग ती २२५ वर आली, पुढे नवा कायदा झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये एका महानगरपालिकेच्या पाच महानगरपालिका झाल्या. दर वेळी नकाशा बदलला आणि दर वेळी निवडणूक पुढे गेली. हे प्रथमच घडले असेही नाही. सात नगरसभा, एक पुरसभा आणि ११० गावे जोडून २००७ मध्ये जेव्हा बृहत् महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हाही मतदानासाठी मार्च २०१० उजाडावा लागला होता.

वास्तविक घटनेत याविषयी कोणतीही संदिग्धता नाही. ७३ व्या आणि ७४ व्या दुरुस्तीने पंचायती व नगरपालिकांना पाच वर्षांची मुदत दिली आणि ती मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे, असे स्पष्ट शब्दांत लिहिले. सभागृह बरखास्त झाले तर सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावयाची आहे. किशनसिंग तोमर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हेच बजावले. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा पेच खरा होता, हे मान्य केले पाहिजे. मार्च २०२१ च्या निकालाने त्यासाठी तीन कसोट्या घातल्या होत्या. परंतु त्या पूर्ण झाल्या नाहीत म्हणून निवडणूक थांबवता येणार नाही, हेही त्याच न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितले. मग थांबली का?

महामारीचे कारण दिले जाते. त्याच महामारीत, डिसेंबर २०२० मध्ये, कर्नाटकातील ग्रामपंचायतींच्या निवडणुका दोन टप्प्यांत पार पडल्या. २०२३ ची विधानसभा वेळेवर झाली, २०२४ ची लोकसभा वेळेवर झाली. मतदानयंत्रे, कर्मचारी, पोलीस, मतदारयाद्या सारे उपलब्ध होते. उपलब्ध नव्हती ती फक्त इच्छा. नगरसेवक नसला की गटाराच्या कामापासून पथदिव्यापर्यंतचा शब्द आमदाराचा आणि पालकमंत्र्याचा चालतो. हा मोह एका पक्षाचा नाही. कर्नाटकात या काळात भाजप आणि काँग्रेस या दोघांचीही सरकारे आली. महाराष्ट्रातही मार्च २०२२ मध्ये मुंबईची मुदत संपली तेव्हा एक आघाडी सत्तेवर होती, नंतर दुसरी आली. प्रशासक मात्र सर्वांनाच सोयीचा वाटला.

आता ज्या वर्गाचा मी स्वतः आहे त्याविषयी बोलले पाहिजे. सुशिक्षित मंडळींत एक मत फार प्रचलित आहे. नगरसेवक म्हणजे टक्केवारी, प्रशासक म्हणजे शिस्त. तेव्हा सभागृह नसलेलेच बरे! मी एका नगरपरिषदेत काही महिने प्रशासक म्हणून काम केले आहे. त्या काळात प्रस्ताव मुख्याधिकाऱ्याकडून येत असे आणि सभेचा ठराव म्हणून त्याखाली सही माझी होत असे. चर्चा नाही, विरोध नाही, उपसूचना नाही. काम वेगाने होते हे खरे. पण माझा निर्णय चुकीचा आहे असे सांगण्याचा हक्क असलेला एकही माणूस त्या दालनात बसलेला नव्हता. अधिकारी कितीही सचोटीचा असला तरी त्याची जबाबदारी वरच्या दिशेने वाहते. त्याची बदली वरून होते आणि गोपनीय अहवालही वरूनच लिहिला जातो. ज्या वस्तीत पाणी आले नाही तिला त्याला पाडता येत नाही. भ्रष्ट नगरसेवकाला निदान पाच वर्षांनी पाडता येते.

हे छोट्या गावापुरते मर्यादित आहे असे कोणी समजू नये. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई महानगरपालिकेचा ५२,६१९ कोटी रुपयांचा अर्थसंकल्प अतिरिक्त आयुक्तांनी प्रशासकांना सादर केला, आणि ते प्रशासक म्हणजे स्वतः आयुक्तच होते. २०२५-२६ पर्यंत हा आकडा ७४,४२७ कोटींवर गेला. सभागृह तेव्हाही रिकामेच होते. देशातील कित्येक राज्यांहून मोठा हा पैसा. तो देणाऱ्या नागरिकांच्या वतीने एक प्रश्नही विचारला न जाता तो खर्च झाला, यात शिस्त कोणती?

सभागृहात आवाज नसला म्हणजे काय होते, याचा एक धडा होसकोटेच्या शेजारीच आहे. बंगळूरचा कचरा वर्षानुवर्षे मंडूर या गावाजवळ ओतला जात होता. मंडूरचे लोक महानगरपालिकेचे मतदार नव्हते; त्यामुळे त्यांच्या विहिरी आणि त्यांची दुर्गंधी महापालिकेच्या सभागृहात कोणाचाच विषय नव्हता. २०१४ मध्ये गावकरी रस्त्यावर उतरले, पोलीस बंदोबस्तात कचऱ्याच्या गाड्या न्याव्या लागल्या, तेव्हा कोठे ते थांबवण्याची तारीख मिळाली. मतपेटीची वाट बंद असेल तर माणसे रस्त्याची वाट धरतात. मग तीच माणसे प्रशासनाच्या लेखी कायदा आणि सुव्यवस्थेचा प्रश्न ठरतात.

जे वाचक टोरांटो किंवा मिसिसागा येथे आहेत, त्यांना तेथील एक उदाहरण परिचित असेल. कॅनडाच्या घटनेत शहराला स्वतंत्र स्थान नाही. ते सर्वस्वी प्रांताच्या अधीन आहे. २०१८ मध्ये महापालिका निवडणुकीची प्रक्रिया सुरू झालेली असताना ओंटारिओच्या सरकारने टोरांटोचे ४७ प्रभाग रद्द करून २५ केले. शहर न्यायालयात गेले आणि २०२१ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार अशा मतांनी हरले. अन्याय झाला असे मानणारे पुष्कळ आहेत आणि मीही त्यांतलाच. परंतु एक गोष्ट पाहावी. एवढी उलथापालथ होऊनही मतदान ठरल्या दिवशी, २२ ऑक्टोबर २०१८ रोजीच झाले. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये महापौरांनी राजीनामा दिला आणि २६ जून २०२३ रोजी नागरिकांनी नवा महापौर निवडलाही. ज्या शहराला घटनेचे संरक्षण नाही तेथे तारीख पाळली जाते; आणि जेथे घटनेत मुदत कोरलेली आहे तेथे महापौराची खुर्ची पाच वर्षे रिकामी राहते. कायद्याच्या पुस्तकापेक्षा तारखेची लाज अधिक उपयोगी पडते, असाच याचा अर्थ.

ही लाज शासनाला वाटण्यासाठी ती आधी नागरिकाला वाटावी लागते. येथे परगावच्या मराठी माणसाचा दोष सुरू होतो. बेळगावची महानगरपालिका २००५ मध्ये बरखास्त झाली तेव्हा मराठी जगतात केवढा क्षोभ उसळला! तो योग्यच होता. पण त्याच बेळगावच्या सभागृहाची मुदत २०१९ मध्ये संपली आणि मतदान थेट सप्टेंबर २०२१ मध्ये झाले, तेव्हा मधल्या काळातील प्रशासकाविषयी आपल्यापैकी किती जणांनी चार ओळी लिहिल्या? भाषेचा अपमान आपल्याला दिसतो, मताचा अपमान दिसत नाही.

डिसेंबर २०१९ मधील पोटनिवडणुकीची आकडेवारी या बाबतीत बोलकी आहे. होसकोटेत सुमारे ९० टक्के मतदान झाले. त्याच दिवशी लगतच्या कृष्णराजपुरात, जेथे बाहेरून आलेल्या नोकरदारांची दाट वस्ती आहे, ते ४७ टक्क्यांपर्यंतही पोचले नाही. होसकोटेच्या मतदाराने सत्ताधारी पक्षाचा धनाढ्य उमेदवार पाडून अपक्ष शरत बच्चेगौडा यांना निवडून दिले. दोनच महिन्यांनी नगरसभेच्या निवडणुकीत त्याच गावाने त्याच सत्ताधारी पक्षाला बहुमत दिले. विधानसभेचा हिशेब वेगळा आणि नगराचा वेगळा, हा विवेक त्या मतदाराजवळ आहे. आपण त्याला खेडवळ म्हणतो. रविवारी पहाटे चार वाजता दम बिर्याणीसाठी होसकोटेच्या रांगेत उभे राहण्याइतका उत्साह आपल्याजवळ आहे. मतदारयादीत नाव घालण्याइतका नाही.

तेव्हा काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, प्रशासकाची मुदत कायद्याने सहा महिन्यांवर बांधावी आणि त्यानंतर त्याला नवे कर, नवी दीर्घ मुदतीची कंत्राटे व जमिनीचे व्यवहार यांचा अधिकार नसावा. खुर्ची गैरसोयीची झाली की निवडणूक आपोआप जवळ येईल. दुसरी, प्रभागरचना व आरक्षण निश्चित करण्याचे काम राज्य निर्वाचन आयोगाकडेच असावे. ज्याला निवडणूक लांबवण्यात लाभ आहे त्याच्या हाती मोजपट्टी देऊ नये. तिसरी, प्रशासकाने घेतलेला प्रत्येक ठराव सात दिवसांत लोकभाषेत प्रसिद्ध व्हावा.

चौथी सूचना वाचकांसाठी. राहता त्या ठिकाणी मतदार व्हा. पत्ता बदलला असेल तर नमुना ८ भरण्यास अर्धा तास पुरतो. आपली इमारत गावाच्या हद्दीत असेल तर ग्रामसभेला जा. वाचता येईल इतकी कन्नड शिका, कारण होसकोटेची बातमी पुण्याच्या वृत्तपत्रात येणार नाही. परदेशात नागरिकत्व नसेल तर मत देता येत नाही, हे खरे. पण टोरांटोसारख्या शहरात समितीच्या बैठकीत उभे राहून आपले म्हणणे मांडता येते. मुंबई-पुण्याची ओढ सोडा असे मी म्हणत नाही. पण तेथील नळाला पाणी आले की नाही याची चौकशी करताना, स्वतःच्या दारातल्या नळाचा मालक कोण, हेही एकदा विचारावे. होसकोटेत आज तो प्रश्न विचारणारा मराठी माणूस मला अजून भेटावयाचा आहे.