काळा पडदा आणि तोडणीची क्रमपाळी



गळीत हंगाम तोंडावर आला की गट ऑफिसात एकच प्रश्न शंभर वेळा ऐकू येतो : "साहेब, माझ्या आधी त्याचा ऊस कसा तुटला?" उत्तर नोंदीच्या यादीत असते आणि यादी संगणकात. आता यादी संगणकात गेली म्हणजे ती आपोआप सरळ झाली, असा पुष्कळांचा समज आहे. मला तो पटत नाही. यादी तपासता आली पाहिजे, आणि त्यासाठी लागणारे हुकूम फार नाहीत. घरोघरी कॉलेजात जाणारी पोरंपोरी आहेत, त्यांनी ते शिकावेत असे माझे स्पष्ट मत आहे.

चित्रावर बोट दाबण्याचे हे काम नव्हे. काळ्या पडद्यावर अक्षरे टाइप करून संगणकाला हुकूम सोडायचा. हे हुकूम युनिक्सच्या घराण्यातले. युनिक्सची सुरुवात १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी केली. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याच वळणावर लिनक्स काढले. ते फुकट मिळते आणि जुन्या संगणकावरही चालते.

हुकूम इंग्रजी लहान अक्षरांतच टाइप करावा. 'पी डब्ल्यू डी' (बांधकाम खाते नव्हे!) म्हटले की आपण कोणत्या कप्प्यात उभे आहोत ते कळते. 'एल एस' ने तिथल्या फाइली दिसतात, 'सी डी' ने दुसऱ्या कप्प्यात जाता येते. 'हेड' पहिल्या दहा ओळी दाखवतो. 'डब्ल्यू सी उणे एल' ओळी मोजून देतो, म्हणजे गावच्या नोंदी किती ते समजले.

काम सुरू करण्याआधी 'सी पी' ने नक्कल काढावी. मूळ सात-बारा कोणी हातात देत नाही, झेरॉक्स देतो, तसेच हे. 'आर एम' पासून मात्र सांभाळून. तो फाइल पुसतो. सहसा विचारत नाही आणि पुसलेले कचरापेटीतही जात नाही. 'उणे आय' जोडले तर आधी विचारतो. ती सवयच लावून घ्यावी.

आपली नोंद शोधायला 'ग्रेप'. सभासद क्रमांक ४१५ दिला तर तो १४१५ आणि ४१५० च्याही ओळी काढतो. 'उणे डब्ल्यू' लावले की पूर्ण ४१५ असलेल्याच ओळी येतात.

खरी गोम आहे 'सॉर्ट' मध्ये. हा हुकूम ओळी क्रमाने लावतो, पण अक्षरे डावीकडून वाचतो. दोघांची आडसाली लागण धरा : एकाची १५-०७-२०२४, दुसऱ्याची ०५-०८-२०२४. साधा सॉर्ट केला तर शून्यापासून सुरू होणारी ऑगस्टची लागण वर चढते आणि एकवीस दिवस आधी लावणारा खाली जातो! कोणी लबाडी केली नाही, तरी पाळी उलटी. तुरा आलेला ऊस उभा राहून वजन घटते ते शेतकऱ्याचे, संगणकाचे काही जात नाही. तीच तारीख साल, महिना, दिवस अशी २०२४-०७-१५ लिहिली की साधा सॉर्टही बिनचूक लावतो. तारीख पहिल्या रकान्यात नसेल तर 'उणे के' लावून रकान्याचा आकडा द्यावा. मूळ फाइल तशीच राहते, क्रम फक्त पडद्यावर दिसतो.

अर्थात जात आणि पक्वता बघूनही तोड पुढेमागे होते, ते यादीत स्वतंत्र लिहावे. आणि नोंद देतानाच तारीख खोटी पडली असेल तर हुकूम बिचारा काय करणार? त्याला बांधावर जाऊनच बघावे लागते.

माझे म्हणणे एवढेच, की प्रत्येक गट ऑफिसात गाववार यादी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये मिळावी : सभासद क्रमांक, गट नंबर, जात, क्षेत्र आणि सालापासून लिहिलेली लागणीची तारीख. पेन ड्राइव्ह घेऊन यावे, फाइल न्यावी, घरी तपासावी. वार्षिक सभेत कोणी हा विषय मांडला तर माझी तरी मुळीच हरकत नाही.

– ऊस विकास अधिकारी