वाढदिवसाची पिशवी आणि आपले कारागीर

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या एका घरी चार वर्षांच्या मुलाचा वाढदिवस होता. बोलावणे होते म्हणून आम्हीही गेलो. सतरा-अठरा मुले, एक केक, भिंतीवर फुगे आणि निघताना प्रत्येक मुलाच्या हातात एक चकचकीत पिशवी. या पिशवीला आता लहानथोर सर्वजण 'रिटर्न गिफ्ट' म्हणतात. पिशवीत एक शिटी, एक प्लास्टिकची मोटार, दिवा लागणारी एक अंगठी आणि दोन चॉकलेटे होती. आम्ही जिना उतरेपर्यंत दोन मोटारींची चाके निघाली होती. एका मुलीची शिटी वाजेना. तिच्या वडिलांनी फुंकून पाहिली, मग आम्ही फुंकून पाहिली. शिटीला आतून भोकच नव्हते.

यजमानांना आम्ही नंतर सहज विचारले. पिशवीमागे चाळीस रुपये पडले होते. वीस पिशव्यांचे आठशे रुपये झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातील बराचसा माल इमारतीच्या कचऱ्याच्या डब्यात होता. यजमान रिक्षा चालवतात. आठशे रुपये म्हणजे त्यांची एका दिवसाची कमाई.

वाढदिवस साजरा करावा की करू नये, हा वाद या पानाचा नाही. आमच्या पिढीतील कित्येकांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनीच १ जून अशी लिहून टाकली, त्यामुळे या विषयावर बोलण्याचा आम्हाला फारसा अधिकारही नाही. असो. ज्या घरी वाढदिवस होतो, त्या घरी सामान लागते आणि ते सामान कोणीतरी विकतो. मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीट आणि क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या गल्ल्या, पुण्यात बोहरी आळी, आणि प्रत्येक जिल्ह्याच्या गावातील जनरल स्टोअर्स, या बाजारात आपले व्यापारी बांधव पिढ्यान्‌पिढ्या बसले आहेत. म्हणूनच हा प्रश्न आम्ही त्यांच्यापुढे मांडत आहोत.

स्वस्त माल विकण्यात गैर काहीच नाही. रिक्षावाल्याच्या मुलाच्याही मित्रांना घरी जाताना हातात काही मिळावे असे वाटते. परंतु स्वस्त आणि टाकाऊ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वीस-तीस रुपयांत महिनाभर टिकणारी वस्तू बनवू शकणारा माणूस आपल्याच मोहल्ल्यात वर्षातील सहा महिने रिकामा बसलेला असतो. त्याची आणि दुकानदाराची गाठ पडत नाही, आमची तक्रार एवढीच आहे.

हा टाकाऊ माल आला कोठून? अनेक वर्षे तो चीनमधून ग्रोसच्या भावाने येत होता. फेब्रुवारी २०२० मध्ये सरकारने खेळण्यांवरील आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के केले आणि २०२३ मध्ये ते ७० टक्क्यांवर नेले. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. आयात घटली खरी, पण गल्लीतील पिशवीत फारसा फरक पडला नाही. कारण पिशवीतील किरकोळ माल आता इथल्याच साच्यांतून, बिनशिक्क्याचा, बिनबिलाचा निघू लागला. असा माल ठेवणारा दुकानदार कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो. 'सगळेच ठेवतात' हे उत्तर निरीक्षकापुढे चालत नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट दुकानदाराने स्वतः शिकून घेतली पाहिजे, ती म्हणजे वयाचा विचार. गिऱ्हाईक आले की आपण विचारतो, 'किती मुले?' आणि 'बजेट किती?' 'मुले किती वर्षांची?' हे क्वचितच विचारतो. सव्वा इंच रुंदीच्या नळीत जी वस्तू मावते, ती तीन वर्षांखालील मुलाच्या घशात अडकू शकते. खेळण्यांची तपासणी करणारे साधारण याच मापाची नळी वापरतात. प्लंबरकडून तेवढ्या मापाचा पाइपचा एक तुकडा आणून गल्ल्याजवळ ठेवावा, खर्च दोन-पाच रुपये. दिवा लागणाऱ्या अंगठीत जी चपटी, शर्टाच्या बटणाएवढी बॅटरी असते, ती मुलाने गिळली तर अन्ननलिका काही तासांत आतून जळते. ज्या खेळण्याचे बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद केलेले नाही, ते लहान मुलांच्या पिशवीत घालूच नये. फुटलेल्या फुग्याचे तुकडेही ताबडतोब उचलावेत. आणि गॅसचे फुगे विकणाऱ्याने सिलिंडरमध्ये हायड्रोजन आहे की हेलियम हे गिऱ्हाइकाला न विचारता सांगावे, कारण केकवर मेणबत्ती पेटलेली असते.

आता खेळांकडे येऊ. त्या दिवशी मुले कंटाळली होती, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. कोणीतरी संगीत खुर्ची लावली. पहिल्याच फेरीत बाद झालेला मुलगा आईच्या मांडीवर जाऊन रडू लागला आणि नंतरची पंधरा मिनिटे रडतच राहिला. चार वर्षांच्या मुलांना बाद करणारे खेळ सोसत नाहीत. त्यांना तळ्यात-मळ्यात हवे, पण कोणी चुकले तर सर्वांनी मिळून हसायचे आणि पुन्हा खेळायचे, अशा पद्धतीने. त्यांना बादलीत काहीतरी फेकायला हवे, लपवलेले शोधायला हवे, रचलेले पाडायला हवे. लगोरी यासाठी उत्तम खेळ आहे. घरात खेळायची तर फरशीच्या तुकड्यांऐवजी लाकडी किंवा पुठ्ठ्याच्या चकत्या हव्यात. या खेळांना लागणारे सामान दुकानात मागितले तर मिळत नाही. प्लास्टिकची बंदूक मात्र चार रंगांत मिळते.

हे सामान कोण बनवील? आमच्या डोळ्यांसमोर चार-पाच धंदे आहेत.

पतंगवाल्यांपासून सुरुवात करतो. संक्रांत झाली की आपल्याकडील बहुतेक पतंग कारागिरांचा हंगाम संपतो. मग कोणी हमाली करतो, कोणी गाडी लावतो. त्यांच्या हातात कागद आणि बांबूची कामटी यांचे जे हुन्नर आहे, ते कोणत्याही कारखान्याला साधणार नाही. मोहरमचे ताबूत बांधणारे हातही हेच. भिरभिरे ही त्यांच्यासाठी पाच मिनिटांची वस्तू आहे. पतंगाचा कागद त्याला पातळ पडतो, थोडा जाड घोटीव कागद घ्यावा लागतो. टाचणी मात्र लावू नये. त्याऐवजी कागदाचीच घट्ट गुंडाळलेली नळी आस म्हणून वापरावी आणि कामटीची टोके काचकागदाने घासून बोथट करावीत. येवल्यात पतंगाच्या मांजासाठी बांबूची आसारी बनवतात. ती पाहिलेल्या माणसाला बांबूपासून मुलांसाठी काय काय होऊ शकते, हे सांगावे लागत नाही.

दुसरे, शिलाईचे कारखाने. कापडाची कतरण पोत्यांनी निघते आणि किलोच्या भावाने जाते. चार इंची चौकोनी थैल्या शिवून त्यात चिंचोके भरले की फेकण्याचा खेळ तयार होतो. ज्वारी भरू नये, पावसाळ्यात तिला कीड लागते. शिवण दुहेरी हवी, नाहीतर चिंचोके बाहेर येतील आणि आम्ही वर सांगितलेला घशाचा धोका पुन्हा उभा राहील. हे काम घरात बसून शिलाई करणाऱ्या भगिनींना सहज जमण्यासारखे आहे. पाच थैल्यांचा एक संच एका मुलाला दिला, तर त्याचा उपयोग वाढदिवसानंतरही वर्षभर होतो. गल्लीतील आमच्या नातवंडांनी तो क्रिकेटच्या चेंडूऐवजी वापरला, तो भाग निराळा.

तिसरे, लग्नपत्रिका छापणारे. पत्रिकेच्या जाड कागदाच्या कडा कापून फेकल्या जातात. त्याच कडांवर बारा चित्रे दोन-दोनदा छापून चोवीस पत्ते केले, की जोड्या लावण्याचा खेळ होतो. चित्रे कोणती घ्यावीत? कुल्फीची गाडी, बकरी, एसटी, पतंग, आंबा, मुलांना रोज दिसणाऱ्या वस्तू. लग्नसराई संपल्यावर मशीन रिकामे असते, तेव्हा हे काम करावे. खराद्यांकडून भोवरे आणि लगोरीच्या चकत्या करून घ्याव्यात. भोवरा सहा-सात वर्षांच्या मुलाला द्यावा. चार वर्षांच्या मुलाला बोटांनी फिरवायची लहान भिंगरी पुरते.

नव्या कल्पना हव्या असतील तर अरविंद गुप्ता यांचे काम पाहावे. पुण्याच्या 'आयुका' संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे काडेपेट्या, वर्तमानपत्रे, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी अशा टाकाऊ वस्तूंपासून खेळणी बनवून दाखवली. त्यांची पुस्तके कोणालाही विनामूल्य वाचता येतात, मराठीतही आहेत.

कोणी म्हणेल, हाताने केलेला माल बाजारात टिकत नाही. त्यांनी बेंगळुरूहून म्हैसूरच्या रस्त्याला सुमारे साठ किलोमीटरवरील चन्नपट्टण पाहून यावे. टिपू सुलतानाने इराणी कारागीर बोलावून तेथे लाकडी खेळण्यांची कला रुजवली, असे सांगतात. पुढे विसाव्या शतकात बावस मियाँ यांनी जपानी पद्धत शिकून घेऊन ती तेथे आणली. खरादावर लाकूड फिरत असताना रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबतात. घासण्याच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते. मग केवड्यासारख्या पानाने घासून चकाकी आणतात. रंगाचे पोपडे निघत नाहीत. चिनी मालाने या गावाचेही कंबरडे मोडत आणले होते. ते गाव तगले, कारण कारागिरांनी मोठ्या शोभेच्या वस्तूंबरोबर भिंगऱ्या, खुळखुळे, किल्लीच्या साखळ्या असा लहान माल काढला आणि तो विकणारे व्यापारी त्यांना भेटले. आपल्याकडे सावंतवाडीच्या लाकडी फळांचे नाव आहे, पण वाढदिवसाच्या पिशवीत ती आम्हाला कधी दिसली नाहीत.

कारागिरांसाठी कायद्यात एक सवलतही आहे, ती फार थोड्यांना ठाऊक आहे. डिसेंबर २०२० मध्ये खेळण्यांच्या आदेशात दुरुस्ती झाली. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिराने बनवून विकलेल्या मालाला त्यानुसार आयएसआय चिन्हाच्या सक्तीतून वगळण्यात आले. पतंगवाला असो की खराद्याचे काम करणारा, त्याने ओळखपत्र काढून घ्यावे. दुकानदाराने त्या ओळखपत्राची प्रत आणि खरेदीची पावती जपून ठेवावी, आणि माल दुकानात ठेवण्यापूर्वी नियम आपल्याला कसा लागू होतो हे जाणकाराकडून समजून घ्यावे.

आता गल्ल्याचा हिशेब. घाऊक बाजार डझनाच्या आणि ग्रोसच्या भाषेत बोलतो. आईची भाषा वेगळी असते. तिच्याकडे सतरा मुले येणार असतात आणि ऐनवेळी वीस होतात. ती दोन डझन घेते, चार उरतात, किंवा दीड डझन घेते आणि दोन मुले रिकाम्या हाताने जातात. दुकानदाराने तिला वीस पिशव्या द्याव्यात आणि सांगावे की न उघडलेल्या पिशव्या दोन दिवसांत परत आणा, पैसे परत मिळतील. समजा पिशवी पस्तीस रुपयांची आहे. त्यात एक भिरभिरे, एक चिंचोक्याची थैली, पत्त्यांचा एक लहान संच आणि कागदाची पिशवी. कारागिरांना बावीस-तेवीस रुपये गेले, तरी दुकानदाराला बारा रुपये राहतात. प्लास्टिकच्या पिशवीवर कदाचित पंधरा राहत असतील, पण त्या पिशवीचे गिऱ्हाईक पुढच्या वर्षी मोबाइलवरून माल मागवते. मोबाइलवरचा विक्रेता तीन उरलेल्या पिशव्या परत घेण्याची झंझट करीत नाही. येथे गल्लीतल्या दुकानाची बाजू बळकट आहे.

बारा रुपयांचा हिशेब मांडताना एक गोष्ट मात्र विसरू नये. आमच्या माहितीतील एका कारागिराने काही वर्षांपूर्वी एका दुकानाला दोनशे भिरभिरी करून दिली होती. पैसे साठ दिवसांनी मिळाले, तेही कापून, कारण काही भिरभिरी दुकानातच पडून चुरगळली होती. त्याने पुन्हा ते काम केले नाही. घाम वाळण्यापूर्वी मजुरी द्यावी, ही शिकवण आपल्या बांधवांना आम्ही नव्याने सांगण्याची गरज नाही. मोठ्या कंपनीच्या मालाला आगाऊ पैसे देणारा व्यापारी शेजारच्या कारागिराला मात्र दोन महिने थांबवतो, हे आम्ही अनेक ठिकाणी पाहिले आहे. उधारीवर चालणारा कारागीर शेवटी माल बिघडवतो किंवा धंदा सोडतो.

ज्या घराची हकीकत आम्ही सुरुवातीला सांगितली, तेथील मुलगा या हिवाळ्यात पाच वर्षांचा होईल. त्याच्या आईने परवा आम्हाला विचारले, 'चाचा, तुम्ही म्हणता तशी पिशवी मिळते तरी कोठे?' पतंगवाल्याचे घर आम्हाला ठाऊक आहे, शिलाई करणाऱ्या बहिणींचेही ठाऊक आहे. दुकानाचा पत्ता मात्र तिला आम्ही अजून देऊ शकलेलो नाही.