डबीची मागची बाजू

मुंब्र्यातल्या मेडिकलमधून अम्मींसाठी कॅल्शियमच्या दोन डब्या आणल्या. एक शिंपल्यांच्या कॅल्शियमची, महाग, दुसरी साधी. मागची बारीक अक्षरे वाचली, तर दोन्हींत कॅल्शियम कार्बोनेटच: १२५० मिलिग्रॅम, म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शियम ५००. मग शिंपल्याचे जादा पैसे कशाला?

कार्बोनेट अंगी लागायला पोटातले आम्ल हवे, म्हणून ते जेवणाबरोबर घ्यायचे. अम्मी मात्र वर्षभर फजरनंतर उपाशीपोटीच घेत होत्या, आणि आम्ही घरात शिकले-सवरलेले! सायट्रेट उपाशीपोटीही चालते. पण त्यात कॅल्शियम शेकडा २१च, कार्बोनेटमध्ये ४०. थायरॉईडची गोळी असेल तर दोन्हींत चार तासांचे अंतर ठेवा.

राहिली कॅप्सूल. जिलेटिन कोणत्या जनावराचे, हे डबीवर बहुधा नसते. आम्ही गोळीच मागतो.