दोष लांकडाचा कीं पिकपाचा ?

गेल्या महिन्यांत आमच्या घरांत एका लांकडावरून दोन पक्ष पडले. पुतण्याच्या मुलानें पहिल्या पगारांतून एक जुनी बेस गिटार घेतली. चार जाड पोलादी तारांचें, खर्जांतून साथ करणारें हें वाद्य. अंग भरीव महोगनीचें. आंत पोकळी नाहीं, भोपळा नाहीं. तारांखालीं, मानेला खेटून एकच भला मोठा पिकप. आवाज असा कीं, माडीवर कोणी रिकामें पिंप लोळवीत आहे ! दुकानदारानें निदान केलें, "महोगनी म्हणजे लांकूडच मंद. उजळ पिकप आणा आणि घोडीजवळ नवी खांच पाडा." मुलगा पटाशी शोधूं लागला. तेव्हां त्याची आजी म्हणाली, "अरे, पाडलेलें भोंक पुन्हां बुजत नाहीं. आधीं यांना तरी दाखीव."

आम्ही जन्मभर शिकविलें संस्कृत. तथापि पदार्थविज्ञानाचे मास्तर रजेवर गेले म्हणजे त्यांचा तास आमच्याच गळ्यांत पडे. त्या उसन्या विद्येवर हे चार शब्द लिहीत आहों.

पिकप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोंवतीं केंसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचीं हजारों वेटोळीं. वरची पोलादी तार हलली कीं चुंबकाचें क्षेत्र हलतें व वेटोळ्यांत वीज उपजते; फॅरडेनें १८३१ सालीं दाखविलें तेंच हें. तंबोऱ्यांत तबली आणि भोपळा बोलतात. येथें पिकप ऐकतो तो तारेचें, लांकडाचें नव्हे. तार किती वेळ गुंजेल यांत लांकडाचाहि थोडा वांटा असेल, तो आम्ही नाकारीत नाहीं. पण पिंप लोळविण्याचें पाप त्याच्या माथीं मारणें हा अन्याय होय.

अमेरिकेंतील गिब्सन कारखान्याचींच दोन वाद्यें पहा. १९६१ ची ईबी-३ महोगनीची. मुख्य पिकप मोठा व मानेला खेटलेला, तारेची लांबी साडेतीस इंच. आवाज जाड आणि धूसर. १९६३ ची थंडरबर्डहि महोगनीचीच. पण तार चौतीस इंच आणि पिकप मानेपासून दूर सरकलेले. ती गुरगुरते, तरी स्वर न् स्वर निराळा कळतो. लांकूड एक, आवाज दोन !

मानेजवळ तारेचा झोका मोठा, म्हणून मूळ स्वर दांडगा. घोडीकडे झोका लहान, पण वरच्या स्वरांशांचें प्रमाण अधिक. या वाद्याच्या सर्वांत खालच्या तारेचीं कंपनें सेकंदाला सुमारें ४१. एवढा खर्ज घरगुती लहानशा कर्ण्यांतून धड निघतहि नाहीं. कान तो वरच्या स्वरांशांवरूनच ओळखतो. ते दबले कीं उरतें तें नुसतें घुमणें. तेव्हां दुकानदाराचें निदान चुकलें, तरी उपाय सर्वस्वीं खोटा नव्हता. घोडीकडे पिकप नेल्यास आवाज उघडेल, हें खरेंच. मात्र ज्याला माघार नाहीं तें अगदीं शेवटीं करावें.

म्हणून पटाशी आम्ही कपाटांत ठेविली आणि मुलाला स्क्रू फिरवून पिकप जरा खालीं उतरवावयास सांगितलें. चुंबक तारेच्या फार जवळ असला तर तारेला ओढतो व स्वर डळमळतो. तारा नव्या चढविल्या. पिकपांतील दोन वेटोळीं एकामागून एक जोडलेलीं होतीं, तीं त्यानें समांतर जोडलीं. यानें आवाज कांहींसा लहान, पण बराच उजळ होतो आणि दुहेरी पिकपाचा मुख्य गुण, म्हणजे विजेची घूं घूं मारणें, तो शाबूत राहतो. कथलाचा चिमूटभर डाग, एवढाच काय तो खर्च.

आठ आणे गुण आला. उरलेल्या आठ आण्यांसाठीं नवा पिकप हवाच, हें आम्हांसहि मान्य करावें लागलें. एकेरी वेटोळ्याचा आवाज मुलाला मोकळा वाटतो. परंतु तो एकटा चालविला कीं घरांतली ५० कंपनांची वीज त्यांत बोलूं लागते, आणि आमच्या घरीं तर एका खोलींत पंखा, दुसऱ्या खोलींत मिक्सर. शेवटीं जुन्याच खांचेंत बसणारा, कमी वेटोळ्यांचा दुहेरी पिकप ठरला. खांचेची लांबी, रुंदी, खोली आणि पहिल्या तारेपासून चौथीपर्यंतचें अंतर, सारें दोनदां मोजलें.

दुकानदारानें विचारलें, "महोगनीला हा चालेल का ?"

"खांचेला चालतो," मुलगा म्हणाला.

पटाशी अद्याप कपाटांतच आहे. किल्ली त्याच्या आजीकडे.