मोहीमप्रमुख कोणाला करावे?

आमच्या पदभ्रमण मंडळात मोहीमप्रमुख निवडताना अजूनही एकच पाहतात, माथ्यावर सर्वांत आधी कोण पोहोचतो! मीही त्याच गुणावर निवडला गेलो. खिरेश्वरहून हरिश्चंद्रगडाला निघालो. तोलार खिंडीत मागे वळून पाहतो, तर तिघे जण बेपत्ता. पाऊण तास जीव टांगणीला. आले तेव्हा एकीचा पाय मुरगळलेला आणि तिघांकडेही पाण्याचा थेंब नाही. माझ्या पिशवीत मात्र दोन बाटल्या भरलेल्या. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, नव्या प्रमुखाला आधी वर्षभर सर्वांत मागच्या भिडूबरोबर चालवावे, आणि अर्ध्या वाटेवरून तुकडी परत फिरवण्याचा पूर्ण अधिकार द्यावा. त्या दिवशी आम्ही खिंडीतूनच परतलो. केदारेश्वराचे पाण्यातले लिंग पाहायचे राहिले म्हणून काही जण अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.