स्वान्तःसुखाय आणि शेड्यूल सी

मराठी समीक्षेत कलावंताच्या पोटापाण्याचा विषय निघाला की आवाज आपोआप खाली येतो. कविता कोणत्या मनःस्थितीत लिहिली गेली हे आपण आवर्जून विचारतो. त्याच वर्षी कवीने आयकराचे विवरणपत्र कोणत्या मनःस्थितीत भरले हे विचारणे मात्र आपल्याला असभ्य वाटते. हा संकोच सुसंस्कृतपणातून येतो असे समजले जाते. आमच्या मते तो निव्वळ आळस आहे, आणि त्याची किंमत आपण ज्यांना कलावंत म्हणायलाही तयार नसतो तेच सर्वांत आधी मोजतात.

अमेरिकेत घरी बसून, एकट्याने, प्रौढांसाठी व्हिडिओ गेम बनविणाऱ्या माणसाचे उदाहरण घेऊ. कथानक, संवाद, चित्रे, प्रोग्रामिंग, विक्री, सारे त्याचेच. यांतील बरेचसे खेळ फांद्या फुटत जाणाऱ्या कादंबरीसारखे असतात; वाचकाने निवड केली की कथा वळते. ‘संहिता’ या शब्दावर सत्रेच्या सत्रे खर्च करणाऱ्या आपल्या विभागांना याचे कुतूहल वाटायला हवे. परंतु विषय लैंगिक असल्यामुळे ते साहित्य नाही आणि खेळ असल्यामुळे ते गंभीर नाही, असा दुहेरी निकाल वाचण्यापूर्वीच लागलेला असतो.

करखात्याला असा सोवळेपणा परवडत नाही. निव्वळ नफा वर्षाला ४०० डॉलरवर गेला की या माणसाला स्वयंरोजगार कर लागू होतो. त्याचा दर १५.३ टक्के, आयकर निराळा. नोकरदाराचा कर मालक परस्पर कापून भरतो, याला तो एप्रिल, जून, सप्टेंबर आणि पुढील जानेवारी अशा चार हप्त्यांत, स्वतःच अंदाज बांधून भरावा लागतो. ‘शेड्यूल सी’ नावाच्या तक्त्यात व्यवसायाचा सहा आकडी संकेतांक आणि खर्चाचा तपशील द्यावा लागतो. २०२२ पासून सॉफ्टवेअर-निर्मितीचा खर्च त्याच वर्षी पूर्ण वजा करण्याची सोय गेली. देशातला खर्च पाच वर्षांत आणि परदेशी झालेला पंधरा वर्षांत विभागून दाखवणे आले. देशातल्या खर्चापुरती ती सोय २०२५ च्या कायद्याने परत आली. परदेशातल्या प्रोग्रामरला दिलेल्या पैशांचे शेपूट मात्र अजून पंधरा वर्षांचेच आहे. मोठ्या कंपनीत हे पाहायला स्वतंत्र विभाग असतो. इथे ज्या रात्री संवाद लिहायचा त्याच रात्री पावत्या लावायच्या असतात.

यावर आपल्याकडचे ठरलेले उत्तर असे, की खरा कलावंत स्वान्तःसुखाय निर्मिती करतो, हिशेबाशी त्याला काय करायचे? या उत्तराची परीक्षा अमेरिकी करकायद्याच्या १८३ व्या कलमात होऊन गेली आहे. एखादा उद्योग नफ्यासाठी आहे की छंद, हे ठरविण्यासाठी तिथे नऊ कसोट्या आहेत. पहिली म्हणजे काम व्यावसायिक पद्धतीने, नीट वह्या ठेवून चालते काय. शेवटची, त्यात वैयक्तिक आनंदाचा वा करमणुकीचा अंश किती. एकच कसोटी निर्णायक नसते हे खरे. पण काम छंद ठरले, की उत्पन्नावर कर लागतोच, खर्च मात्र वजा होत नाही. चित्रकार सुझन क्राइल यांच्यावर हाच प्रसंग आला. त्या अध्यापन करीत, चित्रविक्रीतून वर्षानुवर्षे तोटा होई. म्हणून करखात्याने हेतूवरच शंका घेतली. २०१४ मध्ये करन्यायालयाने त्यांना व्यावसायिक कलावंत मानले. ज्या अंतःसुखाला आपण कलेचे पावित्र्य समजतो, तेच त्या कागदावर कलावंताविरुद्धचा पुरावा होऊ शकते. आणि ज्या वहीला आपण रुक्ष म्हणतो, ती त्याच्या बाजूने साक्ष देते.

आयर्लंडने १९६९ मध्ये लेखक, नाटककार, संगीतकार, चित्रकार व शिल्पकार यांच्या उत्पन्नाला करमाफी दिली. आज तिची मर्यादा वर्षाला ५०,००० युरो आहे. त्यासाठी कृती मौलिक असावी लागते आणि तिला सांस्कृतिक वा कलात्मक मूल्य असावे लागते. निर्णय देते करखाते! आपल्याकडेही १९६१ च्या आयकर कायद्यात साहित्यिक, कलात्मक वा शास्त्रीय पुस्तकाच्या मानधनावर तीन लाखांपर्यंत वजावट होती, आणि त्यासाठी पुस्तक कशाला म्हणायचे नाही याची यादीही होती. म्हणजे साहित्याची व्याख्या करायला समीक्षक कचरले, तरी लेखापाल कचरत नाहीत.

आता जुलै २०२५ कडे पाहू. ‘कलेक्टिव्ह शाउट’ या ऑस्ट्रेलियन गटाने पैसे हाताळणाऱ्या कंपन्यांवर दबाव आणल्यानंतर ‘स्टीम’ने काही प्रौढ खेळ काढले आणि ‘इच’ने असे सारे खेळ शोधयादीतून दडवले. मास्टरकार्डने मात्र आपण कोणत्याही खेळाची छाननी केली नसल्याचे जाहीर केले. बंदी झाली, पण बंदी घालणारा कोणी नाही! मराठी वाचकाला इथे चंद्रकांत काकोडकर आठवावेत. ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातील ‘श्यामा’ या कथेबद्दल ते अश्लीलतेच्या आरोपाखाली दोषी ठरले. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले. सात वर्षे छळ झाला, हे आम्ही विसरत नाही. तरी तिथे आरोप होता, वकील होता, कथा वाचणारे न्यायमूर्ती होते. खेळ दडवले गेलेल्या निर्मात्यांपुढे यांतले काहीच नव्हते. तोवर झालेल्या कमाईवरचा कर मात्र त्यांना चुकला नाही.

लैंगिक हिंसेचे उदात्तीकरण करणाऱ्या खेळांवर टीका करू नये, असे आम्ही म्हणत नाही. जे कायद्याने गुन्हा आहे ते कायद्याने रोखावे. आमचा आक्षेप न्यायाचे काम गल्ल्यावर सोपविण्याला आहे. ज्याच्या उत्पन्नाला राज्य ‘उत्पन्न’ म्हणून मोजते, त्याच्या कामाला निदान ‘काम’ म्हणून सुनावणी मिळाली पाहिजे.

आणि आपली जबाबदारी? साहित्याच्या वर्गात लेखकाचे चरित्र शिकवताना त्याचे हिशेबही शिकवावेत: किती रात्री लिहिण्यात गेल्या, किती पावत्यांत, आणि किती कृती त्यामुळे अर्ध्यावर राहिल्या. प्रौढांच्या खेळाची संहिता आधी वाचावी, मग नाकारायची तर खुशाल नाकारावी. करखात्याचा कारकून निकाल देण्यापूर्वी निदान कागद उघडून पाहतो. समीक्षकाकडून त्याहून कमी अपेक्षा आम्ही कशी करावी?